बर्फ म्हणजे शेवटी पाणीच की गं

संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही बेळगाव सोडलं. गाडीत चौघं: मी, आमचे हे, सात वर्षांची थोरली आणि सव्वाचार वर्षांचा बारका. जायचं होतं मनालीच्या वर सोलंगला, पोरांना स्कीइंग शिकवायला. जाताना २३०० किलोमीटरच्या वर, येताना तेवढेच. उद्यमबागेतल्या ह्यांच्या वर्कशॉपमधले फोरमनकाका म्हणाले, "वहिनी, पानिपतावर निघालाय काय?" ते गमतीनं म्हणाले, पण रस्ता खरोखर पानिपतावरूनच जातो.

शहाणी माणसं असल्या कामाला गोवा एक्स्प्रेसनं जातात. बेळगावात बसायचं, निजामुद्दीनला उतरायचं, पुढं बस नाहीतर टॅक्सी. आम्हालाही सगळ्यांनी हेच सांगितलं. पण ह्यांना दहा वर्षांपासून स्वतःच्या गाडीनं हिमालयात जायचं होतं आणि मला दोन पोरं, चार बॅगा घेऊन रेल्वेच्या संडासासमोर रांगेत उभं राहायचं नव्हतं. कारणं वेगळी, निर्णय एक. संसारात असं क्वचित जुळतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी गाडी सर्व्हिसिंगला टाकली.

नाताळच्या सुट्टीत का गेला नाही, असं शाळेतल्या बाईंनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं, रजेचा अर्ज मलाच लिहावा लागला. पण सोलंगला डिसेंबरात बर्फ असेलच असं नाही. तिकडचा हिवाळी बर्फ पाडतात ते भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे वेस्टर्न डिस्टर्बन्स नावाचे वादळी पट्टे. एक येऊन गेला की पुढचा चार दिवसांनी येईल की पंधरा, ते तो आल्यावर कळतं. जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी त्यातल्या त्यात भरवशाचे. तरी आम्ही निघालो तेव्हा सोलंगचे फोटो बघून हे म्हणाले होते, "हिरवळ दिसतेय की गं खाली."

तयारीचं मात्र सविस्तर सांगते, कारण पुढं जे काही निभावलं ते त्यामुळं आणि जे फसलं तेही त्यामुळंच.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. मलप्रभा उगम पावते तो मुलूख. तिथला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. जूनमध्ये कपड्याला लागलेली ओल गणपतीपर्यंत निघत नाही. माझ्या लहानपणी चुलीवर दोरी बांधलेली असायची आणि तान्ह्या बाळाची दुपटी शेगडीवर डालगं पालथं घालून त्याच्यावर वाळत टाकायचे. आजोबा पावसात शेतावर जायचे ते घोंगडीची खोळ घेऊन. छत्री त्यांनी कधी धरली नाही. आईला फोन करून सांगितलं की पोरांना घेऊन बर्फात चाललोय, तर ती घाबरली नाही. एवढंच म्हणाली, "बर्फ म्हणजे शेवटी पाणीच की गं. पोरांचं अंग कोरडं ठेव. थंडीनं काय होत नाही, ओलीनं होतं. आणि सुती घालू नको."

मी ते कानाआड केलं. माझं लक्ष थंडीवर होतं. तिबेटी स्वेटरवाल्यांकडून जाड स्वेटर, कानटोप्या घेतल्या, थर्मल घेतले, आत्येसासूबाईंनी दोघांना लोकरीचे हातमोजे विणून दिले. थर्मल चांगले दिसत होते. त्यांच्या लेबलवर कापूस किती टक्के आहे हे मी सोलंगला पोचल्यावर वाचलं. निघायच्या आदल्या रात्री आईची समजूत म्हणून पोरांचे पावसाळी रेनसूट, खडेबाजारातून घेतलेले शर्ट-पँटवाले, बॅगेच्या तळाशी कोंबले. कोंबताना हे हसले होते. "हिमालयात रेनकोट?"

खाऊमध्ये कडक भाकरी, शेंगाची चटणी, दशम्या, उरलेला तिळगूळ आणि गोकाकचं करदंट दोन किलो. डिंक, सुकामेवा आणि गूळ एकत्र म्हणजे थंडीत पोरांना ताकद, असा माझा हिशोब. त्या करदंटाचं पुढं येईलच.

गाडीचं ह्यांनी पाहिलं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असतं ते काढून कूलंट भरलं, कारण पाणी गोठलं की फुगतं आणि फुगलं की रेडिएटरच फोडतं. काच धुवायच्या टाकीतही साधं पाणी ठेवलं नाही. दोन्ही पोरांच्या सीट मागं पट्ट्यानं घट्ट बसवल्या. आमच्याकडं चाइल्ड सीट म्हटलं की लोक हसतात, पण मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा अशा सीटशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड आहे. दंडाचं राहू दे, सहा दिवस मागं दोन मोकळी पोरं सांभाळण्यापेक्षा बांधलेली बरी.

रस्त्याचं थोडक्यात. हत्तरगीचा नाका, तवंदी घाट, निपाणी, कोगनोळीचा नाका, की झाला महाराष्ट्र सुरू. कागल ओलांडेपर्यंत ह्यांच्या मनात धाकधूक असते, कारण गाडीची पाटी केए-२२. सीमेवर वातावरण तापलं की आमच्या गाडीला तिकडं काळं फासायची भीती आणि एमएचच्या गाडीला इकडं. आम्ही मराठी, पाटी कर्नाटकची, हे प्रत्येक वेळी उतरून कुणाला सांगणार? सुदैवानं या वेळी सगळं शांत होतं. धुळ्याच्या पुढं गेल्यावर तर त्या पाटीचा अर्थच बदलला. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, सगळीकडं एकच प्रश्न: "बेंगलोर से?" पहिले दोनदा मी बेळगाव समजावून सांगायचा प्रयत्न केला. इंदूरनंतर "हां जी" म्हणायला शिकले.

पुण्यात मावशीकडं मुक्काम, मग धुळे, इंदूर, ग्वाल्हेर. दिवसाला साडेतीनशे-चारशे किलोमीटरच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. इंदूर-ग्वाल्हेरला ते मोडलं आणि त्याची शिक्षा शिवपुरीच्या अलीकडं दोन तास रडारड ऐकून भोगली. होळकर, पवार, शिंदे अशी सगळी आपली नावं वाटेत लागतात. ग्वाल्हेरला मिठाईच्या दुकानात मालकानं आमचं बोलणं ऐकून मराठीत विचारलं, "कुठले?" बेळगाव म्हटल्यावर त्यांना पत्ता लागला. चार दिवसांत पहिलाच माणूस. त्यांच्याच दुकानात थोरलीनं जाहीर केलं की तिचा खालचा पुढचा दात हलतोय.

पुढं धुकं. जानेवारीत आग्र्यापासून अंबाल्यापर्यंत धुकं असतं हे ऐकून होतो. आपल्याकडं आंबोलीत, चोर्ल्यात धुकं असतं तसंच असेल, अशी आमची कल्पना. तसं नाही. चोर्ल्यातलं धुकं सरकतं, विरतं, पुन्हा येतं. हे बसून राहतं. यमुना एक्स्प्रेसवेवर सकाळी आठला बॉनेटचं टोक दिसत नव्हतं. ह्यांनी सरळ गाडी बाजूच्या उपाहारगृहाच्या आवारात घेतली आणि आम्ही अकरापर्यंत तिथंच बसलो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून पळणारे कितीतरी दिसले. मागच्याला वाटतं तुम्ही थांबलाय, तुम्ही तर पळताय. दिवे खालच्या झोतावर, फॉग लॅम्प असला तर तो, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे दहाच्या आधी न निघणं. आम्ही तीन तास तिथं घालवले, त्याचं मला काही वाटत नाही.

पानिपतला काला आंबला, लढाईच्या स्मारकापाशी, गेलो. फोरमनकाकांना फोटो पाठवायचा होता. १४ जानेवारी १७६१, म्हणजे संक्रांतीच्याच आसपास, आणि आम्ही गेलो तेव्हा दुपारी बारालाही सूर्य पिठुळ चंद्रासारखा. बारका स्वेटर, जाकीट, कानटोपी घालून कुडकुडत होता. लढाईच्या आधी मराठ्यांचा दाणापाणी तुटला होता, एवढं मी थोरलीला सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांच्याकडं स्वेटर होते?" मला उत्तर देता आलं नाही. स्मारकाजवळ तिळगुळाचे दोन लाडू ठेवले आणि गाडीत जाऊन हीटर लावला.

किरतपूरपासून डोंगर सुरू होतो. नवा चौपदरी रस्ता आणि बोगदे झाल्यापासून मंडीपर्यंतचा प्रवास सोपा झालाय. मुद्दाम मंडीला राहिलो. मंडी साधारण ८०० मीटरवर, म्हणजे आपल्या बेळगावएवढीच. मनाली २०५० मीटर, सोलंग आणखी साडेचारशे वर. लहान पोराला डोकं दुखतंय की नुसतं किरकिरायचंय हे सांगता येत नाही, त्यामुळं चढ हळूहळू घेतलेला बरा. दुसऱ्या दिवशी पंडोह ते औट या वळणांवर बारक्यानं सकाळचा पराठा माझ्या शालीवर काढला. औटचा जवळपास तीन किलोमीटरचा बोगदा येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

मनालीत आम्ही एका घरातच खोली घेतली होती. मधल्या खोलीत लोखंडी तंदूर, म्हणजे धुराडं असलेली लाकडाची शेगडी. घरच्या आजींनी पहिल्या दिवशीच बजावलं की झोपायच्या खोलीत कोळशाची अंगीठी घेऊन दार बंद करायचं नाही, त्या धुरानं माणूस झोपेतच जातो. ह्यांना दुसरी सूचना: रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकामागं दगड लावा. आपल्याकडं बैलगाडीला लावतात तसाच.

सोलंगचा पहिला दिवस. मनालीहून वर जाताना रस्त्याच्या कडेला नंबर घातलेली दुकानंच दुकानं, सगळीकडं भाड्याचे कोट आणि गमबूट. गाडी थांबवायला लोक अक्षरशः पुढं येतात. आम्ही एका दुकानात शिरलो आणि घाईत चौघांसाठी जाड, फुगीर ओव्हरऑल घेतले. घालून पाच मिनिटांत थोरली म्हणाली, "आई, आत ओलं लागतंय." आदल्या दिवशीच्या कुणाचा तरी घाम आणि बर्फ त्यात मुरलेला होता, वाळवायला ऊन कुठलं? दुकानदार म्हणाला, "पहनने से सूख जाएगा." म्हणजे आमच्या पोरीच्या अंगच्या उबेनं त्याचा कोट वाळणार. तिथं मला पहिल्यांदा आई आठवली.

ओव्हरऑल परत केले. गाडीच्या डिकीत बॅगेच्या तळाशी हात घातला आणि रेनसूट काढले. आत सुती थर्मल काढून नुसता लोकरीचा स्वेटर आणि पँट, त्यावर जाकीट, सगळ्यात वर रेनसूट. पोरं पिवळ्याधमक शेंगांसारखी दिसत होती. आजूबाजूचे हसले. पण संध्याकाळी त्यांची पोरं ओली होती, माझी नव्हती. सुती कापड ओलं झालं की अंगाची ऊब शोषून घेतं, लोकर ओलसर झाली तरी बऱ्यापैकी गरम राहते. आजोबांना ही माहिती कुणी दिली नव्हती. त्यांच्याकडं फक्त घोंगडी होती.

रेनसूटचा एक दोष सांगायला हवा. ते कापड बर्फावर घसरतं. बारका एकदा ढुंगणावर पडला तो थांबलाच नाही. वीसेक फूट तसाच खाली गेला आणि ओरडत राहिला, "बिद्दे! बिद्दे!" गल्लीतल्या पोरांबरोबर खेळून त्याचं पडणं-रडणं सगळं कानडीत असतं. खाली उभ्या असलेल्या एका कुटुंबातल्या बाईंनी त्याला धरला आणि वर बघून विचारलं, "बेळगांवदवरेन्री?" हुबळीचे होते. मी कानडीत उत्तर दिलं, जमेल तसं. त्यांनी बारक्याच्या हातातले आत्याबाईंचे लोकरीचे मोजे पिळले. पाणी निथळलं. लोकरीच्या विणीत बर्फाचे कण अडकतात, वितळतात आणि दहा मिनिटांत हात गारठतो. त्यांच्याकडं मुलाचे जास्तीचे मोजे होते, बाहेरून पाणी न शिरणारे, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे. बोटं एकमेकांना चिकटून राहिली की गरम राहतात, पाच कप्प्यांच्या मोज्यात ती एकेकटी पडतात. त्यांनी ते दिलेच, परत घ्यायला तयार नव्हत्या. मी करदंट दिलं. करदंट बघून त्यांचे यजमान म्हणाले, "आता ओळख पटली."

स्कीच्या, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्यांच्या, बुटांची गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण ती नसती समजली तर आम्ही दुसऱ्याच दिवशी परत फिरलो असतो. हे बूट बाहेरून कडक प्लॅस्टिकचे, पकडींनी आवळायचे. दुकानवाल्यानं थोरलीला एक नंबर मोठा बूट दिला आणि म्हणाला, दोन जाड सॉक्स घाला. आपल्यालाही ते पटतं, चपला आपण वाढत्या अंगाच्याच घेतो. तासाभरात पोरगी नडगी धरून बसली. शिकवणारा मुलगा, पंचविशीचा, मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतून कोर्स केलेला, त्यानं बूट उतरवला, आतला मऊ भाग बाहेर काढला आणि तिचा पाय त्यावर ठेवून दाखवला. दोन बोटं जागा रिकामी. पाय आत हलतो, मग नडगी कडेवर आपटते. या बुटांचा नंबर म्हणजे पायाची लांबी, सेंटीमीटरमध्ये. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागं सरली पाहिजेत. सॉक्स एकच, पातळ, गुडघ्यापर्यंत, घडी न पडलेला. दोन सॉक्सनी पाय आवळतो, रक्त पोचत नाही आणि जास्तच गार पडतो. बूट स्कीला जोडणारी पकड पोराच्या वजनाप्रमाणं लावतात, म्हणजे पाय पिरगळायच्या आत बूट सुटतो. त्यानं ती थोरलीचं वजन विचारून, स्क्रू फिरवून लावली. आधीच्या दुकानात मला वजन कुणी विचारलं नव्हतं. पालकांनी फक्त हा एक प्रश्न ऐकू येतो का ते बघावं. ऐकू आला नाही तर पुढचं दुकान.

स्कीची लांबी पोराच्या छाती-हनुवटीच्या मध्ये. काठ्या द्यायच्याच नाहीत, पोरं त्या एकमेकांच्या डोळ्यात घालतात. हेल्मेट मात्र हवंच, आणि गॉगल. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांना क्रीम लावायचं हे मला पहिल्या दिवशी सुचलं नाही. थोरलीचं नाक रात्री टोमॅटोसारखं झालं. घरून नेलेलं खोबरेल दगड होऊन बसलं होतं, ते बेळगावातही जानेवारीत गोठतं हे मला कळायला हवं होतं.

शिकवण्याची पद्धत मला आवडली. पहिला अर्धा तास एकाच पायात स्की. दुसऱ्या पायानं ढकलत जायचं, पोरं स्कूटर चालवतात तसं. मग पडायचं कसं ते. मग उठायचं कसं ते, आणि हे सगळ्यात अवघड. दोन्ही स्की उताराला आडव्या करून, आपल्या खालच्या बाजूला घेऊन उठायचं, नाहीतर उठताउठता घसरतो. चढायचं ते खेकड्यासारखं, आडवं. तिथं नवख्यांच्या उतारावर लिफ्ट नाही, जेवढं खाली याल तेवढं स्वतःच्या पायांनी वर जायचं. त्यामुळं पोरगी दीड-दोन तासांत दमायची आणि तेवढंच पुरे. तीन तासांचे पैसे आधीच देऊन ठेवले होते, ही आमची चूक.

थांबण्यासाठी स्कीची टोकं पुढं जवळ आणायची आणि मागची शेपटं फाकवायची. सर ओरडायचे, "आगे से मिलाओ, पीछे से खोलो!" थोरलीला ते जमेना. मग हे म्हणाले, "नांगराचा फाळ कर." तिनं नांगर आजोळी बघितलाय. जमलं. वळण्यात मात्र अख्खा दुसरा दिवस गेला, आणि दोष तिच्या सायकलीचा. सायकलीवर उजवीकडं वळताना आपण उजवीकडं झुकतो. इथं उजवीकडं वळायचं तर डाव्या पायावर भार द्यायचा. ती झुकायची, स्की सरळच जायची, आणि ती ओरडायची, "ऐकत नाहीये!" शेवटी सरांनी सांगितलं, डाव्या पायाखाली झुरळ आहे, चिरड. तिनं इतक्या जोरात चिरडलं की वळून उलटी वर तोंड करून उभी राहिली.

बारक्याला पाच वर्षांच्या आत स्की देत नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यानं थयथयाट केला. त्याला घसरगाडी दिली, ती त्यानं अर्धा तास ओढली. आणि मग बरोबर उताराच्या मधोमध, रेनसूट, पँट, आतली पँट, स्वेटरची पँट असे चार थर घालून उभा असताना त्याला शू लागली. लागली म्हणजे लागलीच होती. हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. दुसऱ्या दिवसापासून मी दर तासाला, लागो न लागो, त्याला खाली नेऊन आणत होते. सगळ्या सहलीत सर्वांत जास्त चालणं माझं झालं ते त्या वाटेवर.

दुसऱ्या दिवशीच दात पडला. जुना, कडक झालेला बर्फ, थोरली दमून बसलेली, मी तिला करदंटाचा तुकडा दिला. घरी ते चिकट असतं. तिथं वीट झालं होतं. तिनं चावलं, कट्ट आवाज झाला, ती तोंडावर हात धरून थुंकली आणि दात बर्फात. पांढऱ्यात पांढरं. मी, हे, सर आणि हुबळीचे गृहस्थ असे चौघं गुडघ्यावर बसून शोधत होतो. मिळाला नाही. तिचं रडणं दुखण्याचं नव्हतं. आमच्याकडं पडलेला दात उंदराच्या बिळात टाकतात, उंदीरमामाला सांगतात की तुझा बारीक दात दे. आता मामाला दात मिळणार कसा? सरांनी डोकं चालवलं. म्हणाले, मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळेल, दात नाल्यात जाईल, नाला बियास नदीत जातो. उंदीरमामा नदीकाठी असतातच. थोरलीला ते अर्धंच पटलं.

त्या रात्री बर्फ सुरू झाला. शिमल्याच्या हवामान केंद्राचा इशारा होताच. पहाटे खिडकीतून बघितलं तर गाडी दिसत नव्हती, गाडीच्या आकाराची उशी दिसत होती. पोलिसांनी नेहरूकुंडाच्या वर चार चाकांना ताकद असलेल्या, साखळ्या लावलेल्या गाड्यांखेरीज कुणाला सोडलं नाही. आम्ही दिवसभर घरात. तंदूरच्या मागं, लोखंडाला चिकटणार नाही इतक्या अंतरावर, मी दोरी बांधली आणि मोजे, बुटांचे आतले भाग, कानटोप्या, सगळं टांगलं. बूट वाळत घालायला घरच्या आजींनी एक वेताची टोपली आणून दिली आणि जमिनीवर पालथी घातली. मी बघतच राहिले. त्यांना माझं हिंदी समजेना, मला त्यांचं कुल्लवी, पण डालगं दोघींना ठाऊक होतं. मी टोपली तंदूरच्या तोंडापासून लांब सरकवली, त्यांनी मान हलवली. आईला फोन लावून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन हेच करालीस होय?"

चौथ्या दिवशी स्थानिक टॅक्सी करून वर गेलो. ह्यांचा जीव खालीवर होत होता, कारण २३०० किलोमीटर स्वतः गाडी चालवून आणलेल्या माणसाला शेवटचे तेरा किलोमीटर दुसऱ्याच्या गाडीत बसावं लागलं. पण सावलीतल्या वळणावर समोरची गाडी नुसती ब्रेक लावल्यावर आडवी झालेली बघितली आणि ते गप्प झाले. ड्रायव्हर म्हणाला, दिसणाऱ्या बर्फाला घाबरू नका, काळ्या दिसणाऱ्या ओल्या रस्त्याला घाबरा. तो ओला नसतो, काचेसारखा गोठलेला असतो.

सोलंग ओळखू येत नव्हतं. परवाचा मळका उतार गेला होता, गुडघाभर भुसभुशीत पांढरं पसरलं होतं. ताज्या बर्फात पडलं तरी लागत नाही, आणि लागत नाही म्हटल्यावर पोरगी घाबरायची थांबली. वरून निघाली, फाळ केला, डाव्या पायाचं झुरळ चिरडलं, उजव्या पायाचं चिरडलं, आणि खाली माझ्या पुढ्यात येऊन थांबली. पडली नाही. तोंडातली खिडकी दाखवत हसली. व्हिडिओ घ्यायचा होता, पण गारठ्यानं माझा फोन चाळीस टक्क्यांवरूनच बंद पडला होता. आतल्या खिशात ठेवायला हवा होता.

बारक्याला सरांनी स्वतःच्या दोन गुडघ्यांमध्ये धरून दोनदा खाली आणलं. पायात स्की नव्हती, पण त्याला कोण सांगणार? तो अजून सगळ्यांना सांगतो की मी ताईपेक्षा वेगानं आलो. ते खरंच आहे.

पाचव्या दिवशी सकाळी गाडीवरचा बर्फ फावड्यानं काढला. गरम पाणी काचेवर ओतू नका, असं आजींच्या मुलानं वेळेवर सांगितलं, काच तडकते. चाकातली हवा कमी झाली होती, थंडीत तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दोन पीएसआयनं उतरतो. मंडीपर्यंत उन्हात आलो की पुन्हा वाढतो, म्हणून ह्यांनी वर जास्त भरली नाही.

परतताना पंडोहला धरणापाशी थांबलो, बारक्याचं पोट सांभाळायला. थोरली कठड्याशी उभी राहून हिरवं पाणी बघत होती. "आई, माझा दात इथंवर आला असेल?"

"अजून नाही गं. मार्चमध्ये येईल."

"मग इथून खाली बियासमधून जाईल ना?"

ह्यांना राहवलं नाही. इंजिनिअर माणूस. त्यांनी तिला समजावून सांगितलं की या धरणातलं बरंचसं पाणी बियासमध्ये राहतच नाही, डोंगरातल्या बोगद्यातून ते सतलज नदीकडं वळवलंय, तिथं त्याच्यावर वीज तयार होते.

ती बराच वेळ गप्प होती. गाडीत बसून पट्टा लावल्यावर म्हणाली, "म्हणजे उंदीरमामाला सतलजलाच जायला सांगायला पाहिजे."